बूच काळं का दिसलं, आणि हुकने नेमकं काय पाहिलं

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. आठवीतल्या तुमच्या मुलाने बुचाचा ब्लेडने काप काढला, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि पुस्तकातल्या चित्रासारखे कप्पे दिसण्याऐवजी त्याला नुसता काळा डाग दिसला. असं का झालं? दुसरा प्रश्न त्याचाच : बूच जर मेलेलं असतं, तर सतराव्या शतकातल्या इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने त्यात ‘पेशीचा शोध लावला’ म्हणजे शोधलं तरी काय? आणि तिसरा : शाळेत कोणी म्हणालं की खरा शोध त्याच काळातल्या डच ल्युवेनहॉकचा, तर मग कोणाचं खरं धरायचं?

मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि त्यातही प्रॅक्टिकलला सेक्शन कापायला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून सुरुवात त्या काळ्या डागापासून करतो. बाकी दोन्ही प्रश्नांच्या उत्तराची वाट तिथूनच जाते.

साबणाचं पाणी आरपार दिसतं, पण त्याचा फेस केला की तो पांढराशुभ्र होतो आणि त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. पाणी तेच, मधे हवा शिरली एवढंच. प्रत्येक बुडबुड्याच्या पातळ भिंतीवर प्रकाश थोडा वळतो, थोडा मागे फिरतो, आणि अशा शेकडो भिंती ओलांडताना त्याची दिशाच हरवते. बूच म्हणजे गोठलेला फेसच. त्याचा प्रत्येक कप्पा हवेने भरलेला असतो. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश खालच्या आरशातून वर येतो. काप जाड असेल तर तो प्रकाश कापाच्या थरांमध्येच विखरून जातो, डोळ्यापर्यंत पोचत नाही, आणि काप काळा दिसतो. तोच काप काळ्या कागदावर ठेवून वरून बॅटरी मारली तर पांढरट दिसेल. मुलाच्या हातून काही चुकलं नाही, प्रकाश चुकीच्या बाजूने येत होता.

हुकचाही पहिला प्रयत्न फसला होता, हे मुलाला जरूर सांगा. त्याने स्वतःच ते लिहून ठेवलं आहे. चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून त्याने बुचाचा एक तुकडा कापला आणि गुळगुळीत झालेला पृष्ठभाग पाहिला. त्याला वाटलं की छिद्रं आहेत, पण खात्रीने सांगता येईना. मात्र इतकी हलकी आणि दाबली की दबणारी वस्तू आतून भरीव असणार नाही, या विचाराने तो थांबला नाही. त्याच गुळगुळीत पृष्ठभागावरून त्याने अतिशय पातळ काप काढला. बूच फिकं असल्यामुळे तो काळ्या पट्टीवर ठेवला आणि एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर अशा भिंगाने त्यावर प्रकाश पाडला. मग त्याला सगळा काप मधाच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा दिसला. फक्त छिद्रं पोळ्याइतकी रेखीव नव्हती. म्हणजे त्याने केलेली युक्ती दोन गोष्टींची होती : काप पातळ, आणि प्रकाश वरून. आपली पाठ्यपुस्तकं यातली पहिली सांगतात, दुसरी सांगत नाहीत. त्यामुळे दरवर्षी कितीतरी मुलं काळा डाग पाहून ‘आम्हाला जमलं नाही’ म्हणून गप्प बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे काम १६६३ च्या एप्रिलातलं. हुक तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या बैठकांत प्रयोग करून दाखवणं ही त्याची नेमून दिलेली जबाबदारी होती. पुस्तकात १६६५ हे साल येतं ते त्याच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथाच्या प्रकाशनाचं. त्यातलं अठरावं निरीक्षण बुचाचं आहे, आणि त्याच्या मथळ्यातच त्याने बुचाला आणि तसल्या इतर पदार्थांना ‘फेसाळ’ म्हटलं आहे.

आता हुकला काय हवं होतं ते पाहा. तो जीवनाचं एकक शोधायला निघाला नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे बुचाचे तीन गुण होते : ते इतकं हलकं कसं, पाण्यावर तरंगूनही पाणी पीत कसं नाही, आणि दाबून सोडलं की पुन्हा फुगतं कसं. त्याआधी तो ऑक्सफर्डला रॉबर्ट बॉइलचा मदतनीस होता. बॉइलसाठी हवेचा पंप त्यानेच बनवला होता. हवा दाबली की आकसते आणि मोकळी सोडली की पूर्ववत होते, हे त्याने रोज हाताने अनुभवलेलं होतं. म्हणून बुचात हवेने भरलेल्या बंद डब्या दिसल्याबरोबर तिन्ही कोडी त्याला एकदम सुटल्यासारखी वाटली. घन पदार्थ अगदी थोडा आणि हवा भरपूर, म्हणून हलकं. प्रत्येक डबी वेगळी बंद, म्हणून पाणी आत शिरत नाही. आणि कोंडलेली हवा दाबली गेली तरी परत जागा मागते, म्हणून लवचीक.

यातली पहिली दोन उत्तरं आजही टिकली आहेत. दुसऱ्यात फक्त सुबेरिनची भर पडली : बुचाच्या भिंतींवर या मेणासारख्या पदार्थाचा थर असतो, त्यातून पाणी सहजी जात नाही. तिसरं उत्तर अर्धं बरोबर आहे. बुचाच्या कप्प्यांच्या भिंती सरळ नसतात, पेटीच्या भात्यासारख्या वळ्यावळ्यांच्या असतात. दाब आला की त्या मिटतात, दाब गेला की उलगडतात. म्हणूनच बूच बाटलीत दाबताना बाजूला जवळजवळ फुगत नाही. रबराचं बूच तसंच दाबून पाहा, ते फुगून तोंडाशीच अडकतं.

मग हुक मोजायला बसला, आणि मला त्याच्या लिखाणातला हा भाग सर्वांत आवडतो. एका इंचाच्या अठराव्या भागात त्याला ओळीने साधारण ६० कप्पे दिसले. म्हणजे एका इंचात १,०८०. चौरस इंचात ११,६६,४००. आणि घन इंचात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार. हे आकडे त्याला स्वतःलाच अविश्वसनीय वाटले होते. तुमच्या मुलाला हा गुणाकार करू द्या आणि एक पायरी पुढे न्यायला सांगा : इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला १,०८० ने भागलं की एका कप्प्याची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढी येते. आजच्या मापाशी हे छान जुळतं. घन सेंटिमीटरचा हिशेब मात्र फुगतो. हुकच्या आकड्यांवरून तो ७ कोटी ७० लाखांच्या आसपास जातो, आज साधारण ४ कोटी मानतात. एक कारण सरळ आहे. त्याने एका दिशेची मोजणी तिन्ही दिशांना लावली, जणू प्रत्येक कप्पा चौकोनी ठोकळा आहे. प्रत्यक्षात तो उभट असतो, रुंदीपेक्षा लांबी जास्त.

या कप्प्यांना त्याने जो शब्द वापरला तोच इंग्रजीत आजवर चालत आला. ‘सेल’चं मूळ लॅटिन ‘सेला’ म्हणजे लहान खोली. मठातल्या साधूंच्या खोल्या आठवून हुकने हे नाव दिलं, अशी कथा सर्रास सांगितली जाते. पण त्याच्या मजकुरात उपमा आहे ती पोळ्याची, आणि पोळ्यातल्या घरांना इंग्रजीत आधीपासून तोच शब्द होता. मराठीत आपण ‘पेशी’ म्हणतो. या शब्दात खोली कुठेच नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत पेशी म्हणजे मांसाची, स्नायूची. हिंदीत अजूनही ‘मांसपेशी’ म्हणजे स्नायू आणि सेलला ‘कोशिका’. मराठी शब्द वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो आता आपल्या जिभेवर बसला आहे. पण त्यामुळे मराठी मुलाला ‘पेशी’ म्हटलं की लगेच काहीतरी मऊ, जिवंत डोळ्यांपुढे येतं, आणि हुकने तेच पाहिलं असावं असा समज होतो. हुकच्या संदर्भात मी वर्गात मुद्दाम ‘पोळ्याचं घर’ म्हणतो. मधमाशी उडून गेलेलं, रिकामं घर.

म्हणजे तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे : बुचातल्या पेशी मेलेल्याच असतात. बूच येतं ते कॉर्क ओकच्या सालीतून. हे झाड भूमध्य समुद्राच्या आसपासचं, पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये सर्वांत जास्त. झाड सुमारे पंचवीस वर्षांचं झालं की त्याची साल पहिल्यांदा सोलतात आणि पुढे साधारण नऊ वर्षांनी पुन्हा पुन्हा. सालीच्या आत ‘कॉर्क कॅम्बियम’ नावाचा जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो बाहेरच्या बाजूला एकामागून एक पेशी तयार करत राहतो. प्रत्येक नवी पेशी आपल्या भिंतीला सुबेरिनचा लेप चढवते, आणि त्या लेपामुळे तिचं स्वतःचंच अन्नपाणी तुटतं. ती मरते, आतलं सगळं नाहीसं होतं, हवा उरते. झाडाला हवं असतं तेच : ऊन, आग आणि किडीपासून राखणारं मेलेल्या पेशींचं जाड चिलखत. पण तुमच्या मुलाला हेही सांगा की पेशी मेलेल्या होत्या म्हणूनच हुकला दिसल्या. जिवंत पेशीत पाणीच पाणी असतं, भिंतही ओली. त्या काळच्या भिंगांत रंगांच्या कडा उमटायच्या, चित्र धूसर यायचं. अशा भिंगांतून पाण्यातली पाण्यासारखी गोष्ट वेगळी ओळखणं फार कठीण. बुचात मात्र एकीकडे भिंत, दुसरीकडे हवा, असा स्वच्छ फरक मिळाला.

तरीही ‘हुकने फक्त मृत पेशी पाहिल्या’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला मान्य नाही. त्याच निरीक्षणात त्याने एल्डर नावाच्या झुडपाचं भेंड, गाजर, नेचा, बोरू यांचे देठ पाहिल्याचं लिहिलं आहे, आणि हिरव्या असताना यातल्या काही वनस्पतींचे कप्पे रसाने भरलेले दिसले असंही नोंदवलं आहे. म्हणजे जिवंत पेशी त्याच्या भिंगाखालून गेली होती. तिचं महत्त्व त्याला कळलं नाही, कारण तो त्यात वेगळंच शोधत होता. प्राण्यांच्या शिरांमध्ये झडपा असतात हे तेव्हा माहीत झालं होतं. रस एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो तर वाटेत तसं काही आहे का, हे त्याला पाहायचं होतं. सूक्ष्मदर्शकाने पाहिलं, तोंडाने फुंकूनही पाहिलं, वाट सापडली नाही. पण ‘मला सापडली नाही म्हणून ती नाहीच, असं मी म्हणणार नाही’ अशा अर्थाचं तो लिहून गेला. १८७९ मध्ये एडुआर्ड टँगल याला वनस्पतींच्या पेशीभिंतींतून आरपार जाणारे जिवंत द्रव्याचे बारीक धागे दिसले. वाट होती. हुकच्या भिंगाच्या आवाक्याबाहेर होती, इतकंच.

जाता जाता एक गोष्ट. ज्या चित्रपानावर त्याने बूच काढलं, त्याच पानावर एक लाजाळूची डहाळी आहे, आणि बुचाच्याच निरीक्षणात लंडनच्या सेंट जेम्स पार्कमधल्या लाजाळूच्या रोपांवर केलेल्या नोंदीही येतात. आज आपण ते चित्र कापून फक्त बूच छापतो. हुकच्या डोक्यात मात्र या दोन गोष्टी शेजारी होत्या : साधं, निपचित बूच, आणि स्पर्शाने मिटणारं झाड. दोन्हींतला रस कुठून कुठे जातो, हाच त्याचा प्रश्न होता.

आता ल्युवेनहॉक. तो हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचं शिक्षण नाही. त्याच्या उपकरणात एकच इवलंसं भिंग असायचं, पण ते इतकं उत्तम बनवलेलं की आज शिल्लक असलेल्यांपैकी एक वस्तू सुमारे २६६ पट मोठी दाखवतं. हुक साधारण ५० पटींच्या आसपास काम करत होता. १६७४ पासून ल्युवेनहॉकने तळ्याच्या पाण्यातले हलते जीव पाहिले. १६७६ च्या पत्रात त्याने मिरी भिजत घातलेल्या पाण्याबद्दल लिहिलं : मिरी तिखट का लागते हे पाहायला गेला आणि त्या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. लंडनला कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा १६७७ च्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे तसंच मिरीचं पाणी करून ते जीव दाखवले ते हुकने. दोघांपैकी एकाला निवडायचं असा हा सामना कधी नव्हताच.

शिवाय दोघांना जोडणारं बूच आहे. हुकने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत काचेची तार ओढून, तिचं टोक वितळवून इवलंसं गोल भिंग कसं करायचं ते सांगितलं होतं. डोळ्याला त्रास होतो म्हणून त्याने स्वतः ते फारसं वापरलं नाही. १ जून १६७४ च्या पत्रासोबत ल्युवेनहॉकने रॉयल सोसायटीला कागदाच्या छोट्या पुड्या पाठवल्या. त्या तिथल्या दप्तरात तशाच पडून राहिल्या आणि १९८१ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासाचे अभ्यासक ब्रायन फोर्ड यांनी त्या उघडल्या. आत होते हाताने काढलेले काप : बुचाचे, एल्डरच्या भेंडाचे, पिसाच्या दांड्यातल्या पांढऱ्या गराचे आणि गाईच्या दृष्टीच्या नसेचे. पहिले तीन पदार्थ हुकच्या अठराव्या निरीक्षणातलेच आहेत. हा योगायोग आहे असं मला अजिबात वाटत नाही. ल्युवेनहॉकने हुकचं काम समोर ठेवून हात बसवला असणार. आजच्या सूक्ष्मदर्शकाखाली तीनशे वर्षांपूर्वीचे ते काप सुरेख दिसतात. माझ्यासारख्या, सेक्शन कापण्यातच हयात गेलेल्या माणसाला ती चित्रं पाहून भरून आलं होतं.

पुढचा इतिहास पुस्तकात असतो, म्हणून भराभर सांगतो. इटलीत मालपीगी आणि इंग्लंडमध्ये ग्रू यांनी १६७० च्या दशकात अनेक वनस्पतींत हे कप्पे दाखवले. मग भिंगं सुधारेपर्यंत फार काही पुढे सरकलं नाही. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने पेशीच्या आतला गाभा, म्हणजे केंद्रक, ओळखलं, १८३८ मध्ये श्लायडेनने आणि १८३९ मध्ये श्वानने सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात हे मांडलं, आणि १८५५ मध्ये विर्खोने पेशी पेशीपासूनच जन्मते हे ठासून सांगितलं.

पण हुकच्या चित्रात एक गोष्ट आहे ती इथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आपल्याकडे बाटल्यांत पुष्कळदा बूच म्हणून फेसाळ प्लॅस्टिक असतं. त्याचा काप पाहिलात तर त्यातही कप्पे दिसतील. म्हणजे नुसते कप्पे दिसणं हा जीवनाचा पुरावा नव्हे. फरक आहे तो मांडणीत. प्लॅस्टिकच्या फेसात कप्पे कसेही विखुरलेले असतात, बुचात ते सरळ रांगांत बसलेले असतात. हुकला त्या रांगा दिसल्या होत्या. त्याने त्याचा अर्थ असा लावला की एकच लांब नळी आहे आणि तिच्यात आडवे पडदे घालून डब्या केल्या आहेत. खरी गोष्ट अशी की ती रांग म्हणजे एका कॅम्बियम पेशीने एकामागोमाग एक जन्माला घातलेल्या पेशींची ओळ आहे. सर्वांत बाहेरची सर्वांत जुनी. विर्खोचं वाक्य त्याच्या १९० वर्षं आधी हुकच्या चित्रात भिंतींच्या रूपाने रेखलेलं होतं.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. बाटलीच्या बुचाऐवजी बॅडमिंटनचं पिसांचं जुनं शटलकॉक घ्या. चांगल्या शटलचा तळ खऱ्या बुचाचा असतो, वर पातळ चामडं. स्वस्तात फेसाळ प्लॅस्टिक किंवा चुरा चिकटवून केलेलं बूच असतं, त्यावर वेळ घालवू नका. त्याच शटलमध्ये पिसाची दांडी आहे, तिच्यातला पांढरा गर हाही हुकने पाहिलेला पदार्थ. तुमच्या घराजवळ बुचाचं झाड असेल, ज्याला गगनजाई किंवा आकाशनिंब म्हणतात, तर त्याच्या सालीचं खाली पडलेलं ढलपं चालेल. ते कॉर्क ओकच्या कुळातलं नाही, पण साल तशीच भेगाळ आणि बुचासारखी असते आणि तिचा हलक्या प्रतीचं बूच म्हणून वापरही झाला आहे. काहीच नसेल तर बटाट्याचं साल. त्याचा बाहेरचा पापुद्राही सुबेरिन असलेल्या बुचाच्याच पेशींचा असतो.

दाढीचं ब्लेड नवं कोरं हवं. एका धारेला चिकटपट्टी लावा आणि तुम्ही शेजारी बसा. ब्लेड दाबायचं नाही, आपल्याकडे ओढत सरकवायचं; दाबलं की बूच आकसतं आणि कप्पे चिरडतात. सबंध काप पातळ येण्याची गरज नाही. तो एका कडेला झिरझिरीत झाला की पुरे. मुलं मोठा, अखंड काप काढायच्या मागे लागतात आणि तिथेच फसतात. दहा-बारा काप काढा, त्यातला सर्वांत पातळ कडेचा निवडा.

आधी हुकसारखं पाहा : स्लाइडखाली काळा कागद, आरसा बंद, बाजूने बॅटरीचा उजेड, सर्वांत कमी मोठं दाखवणारं भिंग. मग दुसरा काप स्पिरिटच्या थेंबात मिनिटभर ठेवा, जवळ पेटतं काही नको. स्पिरिट पाण्यापेक्षा सहज कप्प्यांत शिरतं आणि हवा बाहेर काढतं. नंतर ग्लिसरीनचा थेंब घालून कव्हरस्लिप लावा आणि आता आरसा उघडा. काळा डाग जाऊन कडेला जाळी दिसू लागेल. मधे अजून काळे गोल दिसले तर ते अडकलेल्या हवेचे बुडबुडे आहेत, तिकडे पाहू नका, पातळ कडेकडे सरका.

बुचाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी काप घ्यायला सांगा. एका बाजूने भिंतीतल्या विटांसारख्या रांगा दिसतील, दुसऱ्या बाजूने पोळं. बहुतेक शालेय सूक्ष्मदर्शकांत १०x नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) आणि १०x वस्तुभिंग (वस्तूजवळचं भिंग) लावलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास सुमारे १.८ मिलिमीटर असतो. काप बहुधा इतका मोठा पातळ येणार नाही, म्हणून व्यासाच्या पाव भागात येणारे कप्पे ओळीने मोजायचे आणि चारने गुणायचं. हुकच्या हिशेबाने उत्तर पंचाहत्तरच्या आसपास यायला हवं. मुलाला किती मिळतात ते मला जरूर कळवा, आणि सोबत काप कोणत्या बाजूचा होता, विटांचा की पोळ्याचा, तेही लिहायला सांगा.